न लिहिलेले नियम
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



शेजारीं मृत्यु झाला म्हणजे त्या घरीं चूल पेटत नाहीं. शेजारीण न बोलावितां अन्न घेऊन जाते. हा नियम कोठेंही लिहिलेला नाहीं. तरी तो मोडणाऱ्यास सारा गांव नांवें ठेवितो.

ख्रिस्तसभाही रूढीस मान देते. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणें रूढीस कायद्याचें बळ येण्यास साधारणतः चाळीस वर्षें लागत. १९८३ च्या संहितेनें ती मुदत तीस वर्षें केली. अट मात्र दोहोंत एकच: रूढि विवेकास धरून असावी आणि ईश्वरी आज्ञेविरुद्ध मुळींच नसावी. म्हणजे केवळ जुनेपणा हा चांगुलपणाचा पुरावा नव्हे.

हीच कसोटी आपण आपल्या घरांस लावूं. लग्नाचा मांडव शेजाऱ्याच्या मांडवाहून उणा दिसूं नये, हाही न लिहिलेलाच नियम. त्यापायीं बाप कर्ज काढतो, जमिनीचा तुकडा विकतो. त्याच्यावर जबरदस्ती कोणीं केली? आम्हांस वाटतें, आपणां सर्वांच्या जिभांनीं. सोन्याची अंगठी घातलेल्यास मानाचें आसन व दरिद्र्यास पायाशीं जागा देणाऱ्यांस संत याकोबानें आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत दोष दिला, तो अशाच रिवाजाबद्दल.

लिहिलेला नियम खोडतां येतो. न लिहिलेला आचरणानेंच मोडावा लागतो. म्हणून ज्याचें घर भरलेलें आहे त्यानेंच प्रथम साधें लग्न करावें. मग गरिबास साधेपणाची लाज वाटणार नाहीं. ह्या महोत्सवाचें तेंच खरें स्मारक होईल.

प्रभु आपणां सर्वांस सुबुद्धि देवो.