बुरसलेला मका



१९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत अवेळी पावसाने मक्याची कणसे भिजली व ओलीच साठविली गेली. दुसरे धान्य नसल्याने आदिवासी कुटुंबांनी तोच बुरसलेला मका आठवडेच्या आठवडे खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साचले. ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतील उष्ट्यावर जगणारी कुत्रीही तशाच लक्षणांनी मेली. रोगाचे मूळ अन्नात होते.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष शिजविल्याने पुरते नष्ट होत नाही. बुरशी धुऊन काढली तरी ते दाण्यात उरते. उपाशी घराला धान्य टाकावयास सांगणे सोपे नव्हे. म्हणून साठवणीपूर्वीच ते खडखडीत वाळविण्याचा पाठ सुगीच्या दिवसांत मुलांना प्रत्यक्ष दाणे हाती देऊन द्यावा. निवडून काढलेले दाणे गुरांकोंबड्यांपुढेही टाकू नयेत.