पोरांना शिकवायचे, पण कुणाच्या कामासाठी?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीपुढे एक अर्ज आहे. एका सेवाभावी संस्थेला आपल्या तालुक्यातली तीस गरीब मुले तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी हवी आहेत. राहणे-जेवण फुकट, शिकवणे फुकट, शेवटी शहरातल्या मॉलमध्ये नोकरी. आपण फक्त मुले गोळा करून द्यायची. काही कार्यकर्ते म्हणाले, यात चर्चा कसली? पोरे पारावर रिकामी बसलीत, जाऊ द्या.

चर्चा आहे, आणि ती माझ्यापासूनच सुरू करतो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेसाठी मी अकरा पोरांच्या बापांना घरोघरी जाऊन समजावले. पोरे गेली. नोकऱ्याही लागल्या, खोटे कशाला बोलू? पगार बारा हजार. खोलीभाडे, खाणावळ, बस, मोबाईल वजा जाता हातात दीड-दोन हजार. दिवाळीच्या आत आठजण परत आले. संस्थेच्या कागदावर मात्र अकराच्या अकरा ‘नोकरीला लागले’ असेच राहिले. एका बापाने मला विचारले, “साहेब, तुमच्या शब्दावर पोरगा धाडला. कांदे काढायला मजूर लावावा लागला, ते पैसे कुणाकडे मागू?” मी खाली मान घालून घरी आलो.

ती माणसे लबाड होती असे मी म्हणणार नाही. हिशेबच तसा बांधलेला असतो. २०१४ साली केंद्र सरकारने दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आणली. १५ ते ३५ वयाची ग्रामीण गरीब मुले, शिकवणाऱ्या संस्थेला सरकारचे पैसे आणि शिकवलेल्यांपैकी किमान ७० टक्के मुलांना नोकरी लावण्याची अट. नुसती सर्टिफिकिटे वाटण्यापेक्षा अट बरीच म्हणायची. पण सत्तर टक्के भरायचे म्हटल्यावर जिथे एका फटक्यात पन्नास माणसे लागतात, तिकडेच संस्था बघणार. मॉल, गोदाम, हॉटेल, वॉचमन. आपल्या गावाला एक मोटर भरणारा हवा आहे, हे त्यांच्या तक्त्यात बसवायचे कुठे?

दुसरा रस्ता आहे आणि तो आपल्याच राज्यात आहे. शिरूर तालुक्यातले पाबळ. दुष्काळी गाव. १९८३ साली डॉ. कलबाग तिथे आले. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस. पत्नी मीराताईंसह ते पाबळला राहिले, २००३ साली वारले तोवर. ‘विज्ञान आश्रम’ त्यांनी उभा केला. शाळा सोडलेली, दहावीला अडकलेली पोरे एक वर्ष तिथे राहतात आणि वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती-जनावरे, खाद्यपदार्थ, रक्तगट तपासणी असे सगळे हाताने करून शिकतात. शिकतानाच गावाची खरी कामे करायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. विहीर कुठे खणावी यासाठी जमिनीची विद्युत तपासणी करायला तिथल्या पोरांना शिकवले. जुन्या जीपचे भाग घेऊन छोटा ट्रॅक्टर बनवला. हाच अभ्यास पुढे आठवी ते दहावीच्या शाळांतही गेला.

मी शेतकीची पदवी घेतली त्या दिवशी मला फवारणी पंपाचा वॉशर बदलता येत नव्हता. जमिनीचा सामू मात्र पाठ होता! म्हणून पाबळची पोरे पाहिली की मला थोडी लाज वाटते.

पण पाबळचे नाव घेतले म्हणजे प्रश्न सुटला असे समजू नका. गावात शिकून पोराने दुकान थाटले, तर त्याचे गिऱ्हाईक कोण? आपणच. माझ्या गावात एक वेल्डर आहे, कांदाचाळीचे अँगल जोडतो, काम एक नंबर. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, भाव कोसळले आणि त्या हंगामात त्याची वही उधारीने भरली. त्याने वेल्डिंग मशीन विकायला काढले होते. त्याच्या हातात कसब नव्हते का? होते. आमच्या खिशात पैसा नव्हता. शेतमालाला भाव आणि पोरांना कसब हे दोन वेगळे ठराव आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी ती वही बघावी.

आता या अर्जाचे काय करायचे? ज्याला शहरात जायचे आहे त्याला आपण अडवायचे नाही. गावात राहण्याची सक्ती करणारे आपण कोण? पण संस्थेला तीन गोष्टी विचारा. मागच्या तुकडीतली किती मुले वर्षानंतरही कामावर आहेत, ते नावानिशी दाखवा. पगार किती हे सांगता, तसा त्या शहरातला खर्चही बापासमोर मांडा. आणि तिसातली दहा मुले मोटर भरणे, ठिबक दुरुस्ती, सोलर पंप यासाठी घ्या. त्यांना बसायला जागा आपण देऊ, पहिल्या सहा महिन्यांची कामे आपण देऊ, रोखीने. मुलींची नावे आली तर त्यांना शिवणाचे मशीन दाखवून बाजूला बसवू नका, वायरिंग त्यांनाही येते.

संस्थेची माणसे येत्या सोमवारी भेटायला येणार आहेत. अर्जांचा गठ्ठा माझ्याकडे आहे. मी अजून एकावरही सही केलेली नाही. रोखीने काम देणाऱ्यांनी आपली नावे चहाच्या सुट्टीत लिहून द्यावीत.