वजन थांबले म्हणजे उपचार फसला नव्हे
(स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरच्या पठारावस्थेविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने रुग्णाच्या घरात उत्साहाचे असतात. दर आठवड्याला वजनकाट्याचा आकडा खाली येतो, कपडे सैल होतात, जिना चढताना लागणारी धाप कमी होते. आणि मग एके दिवशी काटा थांबतो. एक आठवडा जातो, दोन जातात, तीन जातात. आकडा जागचा हलत नाही. रुग्ण मनातून खचतो. "एवढे ऑपरेशन केले, तरी वजन थांबलेच ना?" असे शेजारीपाजारी सहज विचारून जातात. प्रश्न अज्ञानातून येतो; परंतु त्याचा परिणाम गंभीर असतो. कारण याच टप्प्यावर कोणी अन्न तोडतो, कोणी जाहिरातीतील चूर्णांच्या मागे लागतो, तर कोणी निराश होऊन तपासणीला जाणेच सोडून देतो. वजन थांबण्यापेक्षा तपासणी सुटणे हे कितीतरी अधिक धोक्याचे आहे.

घाट उतरताना मध्येच सपाटी लागते. उतार संपला असे वाटते. प्रत्यक्षात पुढे वाट असतेच. शस्त्रक्रियेनंतरच्या या अवस्थेलाही वैद्यक 'पठार' असेच म्हणते.

शस्त्रक्रिया काय साधते?

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिल्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकून उरलेल्या भागाची अरुंद नळी करतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. या दुसऱ्या पद्धतीचा पाया अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी घातला. चिकाशी इटो यांच्यासह त्यांनी ती १९६७ मध्ये प्रसिद्ध केली.

जठर लहान झाल्याने जेवण कमी जाते, एवढाच याचा अर्थ नाही. जठर व आतडी भुकेचे आणि तृप्तीचे संदेश मेंदूकडे पाठवीत असतात. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढलेले घ्रेलिन हे भूक चेतविणारे संप्रेरक मुख्यतः जठरातच निर्माण होते. शस्त्रक्रियेमुळे या संदेशांचा तोल बदलतो, भूक मंदावते आणि मधुमेहही पुष्कळदा आटोक्यात येतो. म्हणून ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नसून रोगनिवारणासाठी आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

काटा का थांबतो?

पहिले पठार बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास येते. त्याचे कारण साधे आहे. यकृतात व स्नायूंत साखरेचा राखीव साठा असतो आणि त्या साठ्याबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी बांधलेले असते. आहार एकदम घटताच हा साठा प्रथम खर्ची पडतो व त्यासोबत पाणीही निघून जाते. आरंभीची झपाट्याची घट बऱ्याच अंशी या पाण्याची असते. पुढे शरीर पाण्याचा तोल सावरू लागते, आणि चरबी वितळत असूनही काटा काही दिवस स्थिर राहतो.

त्यानंतरच्या पठाराचे कारण निराळे आहे. समजा, १५५ सेंटिमीटर उंचीच्या एका शिक्षिकेचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी ११२ किलो होते आणि आठ महिन्यांनी ते ८० किलोवर आले. जे ३२ किलोचे ओझे ती रात्रंदिवस वाहत होती, ते उतरले. साहजिकच चालण्यास, उठण्याबसण्यास, किंबहुना नुसते जिवंत राहण्यासही तिच्या शरीराला पूर्वीपेक्षा कमी उष्मांक लागतात. मिळकत तीच राहून घरखर्च उतरला की शिल्लक पडू लागते, तसेच येथे घडते. चरबीबरोबर स्नायूही झिजले असतील, तर खर्च आणखी उतरतो.

शिवाय शरीर स्वतः काटकसर करू लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले. परंतु शरीराचा उष्मांकांचा खर्च त्याहून अधिक प्रमाणात घटला. दुष्काळात तग धरून राहण्यासाठी निसर्गाने दिलेली ही शक्ती आहे. तिला रुग्णाचा आळस किंवा अपराध म्हणणे अन्यायाचे होय.

अर्थात, काही कारणे ताटातीलही असतात. लहान झालेल्या जठरातून मऊ व पातळ पदार्थ सहज सरकतात. दोन पोळ्या न जाणारा माणूस चहात बुडवून बिस्किटे, उसाचा रस, आइस्क्रीम किंवा दिवसभर मूठमूठ फरसाण सहज संपवतो. जेवण कमी आणि खाणे अधिक, असा हा प्रकार असतो. काही औषधांनी, अवटू ग्रंथीच्या मंदपणाने किंवा अंगात पाणी साठल्यानेही वजन थांबते; त्याचा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

स्वीडनचा दीर्घ अनुभव

या विषयावरील एक अत्यंत विश्वसनीय अभ्यास स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला. सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेल्या आणि तितक्याच शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूल व्यक्तींची त्यात वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. जठराला वळसा देणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत वजन एक ते दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. त्यानंतर घट थांबली, थोडे वजन परतले, आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावलेली आढळली. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वजन मात्र जवळपास होते तेथेच राहिले.

म्हणजे पठार हा अपवाद नसून नियमच आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, २००७ मध्ये लार्स स्योस्ट्रोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, वय, लिंग व इतर बाबींचा हिशेब धरता, शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी होता. वजन पुढे घटत नसतानाही आयुष्याचा लाभ टिकून होता, ही गोष्ट खचलेल्या रुग्णास आवर्जून सांगितली पाहिजे.

काट्यापलीकडील मोजमाप

वजनकाटा चरबी, स्नायू आणि पाणी यांत भेद करीत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंची व वजन यांच्या प्रमाणाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता; मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीयांनी काट्याइतकाच मोजपट्टीवरही विश्वास ठेवला पाहिजे, हा याचा बोध. काटा थांबलेल्या महिन्यातही कमरेचा घेर घटत असेल, रक्तातील साखर व रक्तदाब सुधारत असेल, गुडघेदुखी उणावली असेल, तर उपचार काम करीत आहे असे खुशाल समजावे.

काय करावे, काय टाळावे?

वजन रोज करू नये; आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच काट्यावर करावे. पठार लांबल्यास आठवडाभर तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ वहीत लिहावा. चूक असल्यास ती बहुधा वहीतच सापडते. ताटातील प्रथिने प्रथम खावीत. अंडी, मासे, दही, पनीर, मोडाची उसळ, पिठले, घट्ट वरण यांतून दिवसाला सर्वसाधारणपणे ६० ते ८० ग्रॅम प्रथिने मिळावीत. नेमके प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. पाणी दिवसभर घोटघोट प्यावे, मात्र जेवणाबरोबर नको. नित्य चालण्यास स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाची जोड द्यावी व झोप पुरेशी घ्यावी.

अन्न तोडणे हा यावरील उपाय नव्हे. त्याने स्नायू झिजतात आणि शरीराची काटकसर वाढते. ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या पूरक गोळ्या आणि नियमित रक्ततपासणी ही तर आयुष्यभराची बांधिलकी आहे. वजन थांबले म्हणून गोळ्याही थांबविल्या, तर पंडुरोग, हाडांचा ठिसूळपणा आणि हातापायांना मुंग्या येण्यासारखे मज्जातंतूंचे विकार उद्भवतात. वारंवार उलट्या होत असतील किंवा पोटात तीव्र वेदना असतील, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. वजन नुसते थांबले नसून सतत वाढत असेल, तर शल्यविशारदांची भेट घ्यावी. औषधे, इंजेक्शने किंवा क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया यांचा विचार त्यांनीच करावयाचा आहे.

भोवतालच्यांचे कर्तव्य

रुग्ण एकटा पथ्य पाळू शकत नाही. आपल्याकडे पंगतीतील आग्रह हा जिव्हाळ्याचा भाग मानला जातो. परंतु "एक जिलबी तरी घ्याच" हा आग्रह अशा व्यक्तीस जाचक ठरतो. कार्यालयातील सहकाऱ्यांनी तिच्या वजनाची जाहीर चौकशी टाळावी आणि वरिष्ठांनी तपासणीच्या दिवशी रजा देताना खळखळ करू नये. शिक्षकांनी शाळेत स्थूल मुलांची टिंगल होऊ देऊ नये. कारण हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नव्हे, ही समज वर्गातच रुजते. पंचायत सदस्यांना तर बरेच करता येण्याजोगे आहे. स्त्रियांना निर्धास्तपणे चालता येईल असा उजेडाचा रस्ता गावात असणे, शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीची माहिती तिच्या संमतीने आशा सेविकेस असणे आणि तिची रक्ततपासणी न चुकणे, एवढी व्यवस्था झाली तरी मोठे काम होईल.

पठारावर थांबलेल्या वाटसरूला मागे फिरण्याचा सल्ला कोणी देत नाही. तो क्षणभर विसावतो, शिदोरी तपासतो आणि पुढची वाट धरतो. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासही समाजाने एवढाच धीर द्यावा. पुढचा उतार लागो वा न लागो, कमावलेले आरोग्य टिकविणे हेच या उपचाराचे खरे यश आहे.