सायकल, कुलूप आणि एक जुनी थाप
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कशावर बोलणार, असं संयोजकांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, सायकलच्या कुलपावर. पलीकडून हसण्याचा आवाज आला. पण तुमच्यातले कोणी डॉक्टर झाले, कोणी अमेरिकेत गेले, मी अलिबागेत सायकली दुरुस्त करतो. मला दुसरं काय येतं?

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. नववीच्या मे महिन्यात आपल्या थळच्या मित्राची सायकल मी तासाभरासाठी मागून नेली होती. ओहोटी होती, कुलाबा किल्ल्यात जाऊन यायचं होतं. सायकल किनाऱ्यावर सुरूच्या झाडाला टेकवली. मागच्या चाकाचं गोल कुलूप खाऱ्या वाऱ्याने जाम झालं होतं. दोनदा दाबलं, बसेना. इकडे पाणी भरायच्या आत परत यायचं, म्हणून तसाच पळालो. आलो तेव्हा सायकल नव्हती.

कुलूप लावलं होतं, असं मी सांगितलं. त्याने फक्त विचारलं, "मग किल्ली दे." मी म्हटलं, वाळूत पडली. आता ज्यांनी ती कुलपं वापरलीत त्यांना माहीत आहे, उघड्या कुलपातून किल्ली निघतच नाही. त्यालाही माहीत होतं. तो काही बोलला नाही. दहावीचं सगळं वर्ष थळहून पायी आला, पावसाळ्यात दप्तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. तो तिथे तिसऱ्या रांगेत बसलाय. कुलूप लावलं नव्हतं रे. एवढं बोलायला मला चाळीस वर्षं लागली.

असो. आता कामाचं बोलतो, कारण डॉक्टरांच्या सल्ल्याने तुम्ही सगळ्यांनी गिअरच्या महाग सायकली घेतल्यात आणि कुलूप मात्र शंभर रुपयांचं मागता.

ते गोल कुलूप फक्त चाक फिरू देत नाही. सायकल उचलून टेम्पोत टाकायला त्याची काही आडकाठी नाही. म्हणून सायकल कशाला तरी बांधली पाहिजे, आणि ते 'कशाला तरी' जमिनीत पक्कं रोवलेलं हवं. बांबूचा खुंट किंवा वरून मोकळा असलेला ठेंगणा पाइप नको, सायकल वरून काढून घेतात. पातळ तारेचं कुलूप साध्या कटरने तुटतं. जाड साखळी किंवा यू आकाराचं कुलूप घ्या. ते फ्रेममधून आणि मागच्या चाकातून घाला. नुसत्या पुढच्या चाकाला लावलंत तर चाक खांबाला राहील आणि बाकीची सायकल जाईल. खटका ओढला की चाक निघतं अशा सायकलींना तर हे हमखास. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका. जमिनीचा आधार मिळाला की तोडणाऱ्याला जोर लावता येतो.

आपल्याकडचा खरा चोर मात्र खारी हवा. किल्लीचं भोक खाली राहील असं कुलूप लावा, म्हणजे पाऊस-वाळू आत जात नाही. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब महिन्यातून एकदा. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याचं फडकं फिरवा. जाम झालेलं कुलूप माणूस लावायचं टाळतो, आणि पुढे काय होतं ते मी सांगितलंच.

मांडव्याला सायकल ठेवून बोटीने गेटवेला जाणाऱ्यांनी कोपऱ्यातली सावली शोधू नये. चार माणसांच्या नजरेत ठेवा. घरीसुद्धा पडवीत आहे म्हणून मोकळी सोडू नका.

फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, बहुधा पायडलच्या दांड्या जिथे बसतात त्या नळीच्या खाली. सायकल उलटी करा, फोटो काढा, बिलाच्या फोटोशेजारी ठेवा. बिलाला महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात पाच हजारांहून कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तुमची सायकल पंधरा हजारांची होती हे दाखवायला कागद लागतो. आणि सायकल सापडली, तर ती तुमचीच हे नंबर सांगतो. त्या काळी आम्ही नंबर बघितलाच नव्हता, चौकीत फक्त 'काळी हर्क्युलिस' एवढंच सांगता आलं. गावात निम्म्या सायकली काळ्या हर्क्युलिस होत्या.

जेवणानंतर मी बाहेर वडाखाली आहे, तेलाची कुपी आणली आहे. येताना पाहिलं, फाटकाशी सहा सायकली उभ्या आहेत, त्यातल्या दोघींना कुलूप नाही. ज्यांच्या असतील त्यांनी आत्ता उठून गेलं तरी मला राग येणार नाही.