क्रेनवर वजन लिहिलेलं असतं

(वस्तीतल्या पोरांच्या वर्गाची आखणी करायला जमलेल्या युवकांपुढे केलेलं भाषण)



मी गोदीत काम करतो. कंत्राटावर. कविताही करतो, पण आज कविता वाचायला उभा नाही. आपण समाजमंदिरात पोरांचा वर्ग काढतोय. फळा आला, सतरंज्या आल्या, भिंतीवर वेळापत्रक लागलं. त्यावर लिहिलंय : वय 4 ते 14, संध्याकाळी 7 ते 9, पाढे, शुद्धलेखन, इंग्रजी शब्द. त्या कागदाविरुद्ध बोलायला मी उभा आहे.

गोदीत क्रेनवर रंगानं लिहिलेलं असतं, किती टन उचलायचं. त्याच्यावर माल लादला तर साखळी तुटते, आणि खाली माणूस असतो. मुकादम कितीही मग्रूर असू दे, तो आकडा बघतो. लोखंडाला एवढी इज्जत आहे. आपल्या पोराचा आकडा कोण बघतं? चार वर्षांच्याला तेच, चौदा वर्षांच्याला तेच. तुटलं की म्हणायचं, डोकंच नव्हतं त्याला.

मला पहिलीत बसवलं तेव्हा आमची घरची बोली शाळेच्या लेखी भाषाच नव्हती. ‘न्हाई’ म्हटलं की वर्ग हसायचा. बोटांत जोर येण्याआधी पानंच्या पानं गिरवली. तिसरीपर्यंत मी फळ्यावरचं हुबेहूब उतरवायचो, पण वाचता एक ओळ येत नव्हती. अक्षरांची चित्रं काढत होतो. मास्तरांनी वहीवर ‘छान’ लिहिलं. ते ‘छान’सुद्धा मला वाचता आलं नाही.

पण माझं सोडा. माझ्या थोरल्या बहिणीचं ऐका. 1999 साल. मी तान्हा, ती नऊ वर्षांची, तिसरीत. आई धुण्याभांड्याला, बाप मजूर नाक्यावर. मला सांभाळणार कोण? ती मला कडेवर घेऊन शाळेत गेली. शाळेनं सांगितलं, पोर घेऊन वर्गात यायचं नाही. दोन दिवस ती दाराबाहेर बसली. तिसऱ्या दिवशी गेलीच नाही. पुढे मी रात्रशाळेतून मॅट्रिक झालो. लोकांनी सत्कार केला. माझ्या मार्कलिस्टखाली तिची तिसरी पुरलेली आहे, हे कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

तेव्हा याला इलाज नव्हता असं समजू नका. इलाज करून दाखवून झाला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणूजवळ बोर्डीला लहान पोरांचं काम सुरू केलं. पोरं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आज सरकारी योजनेत अंगणवाडी हा शब्द आहे, त्याचं मूळ तिथलं. सरकारची योजना 1975 ची, काम त्याच्या तीस वर्षं आधीचं. 1957 ला त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेल्या. तिथं दिसलं की थोरली पोर शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं आहे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. नाव विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं खेळात, थोरली वर्गात. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. महागडी साधनं नव्हती. शिंपले, खडे, बिया, पानं.

या बाया आपल्या वस्तीतल्या नव्हत्या, पांढरपेशा घरातल्या होत्या. नसू देत. काम बघा. त्यांनी पोराला शाळेच्या मापात कोंबलं नाही. पोराचं वय बघितलं, त्या वयावर काय लादलंय ते बघितलं, आणि शाळा त्या मापाची केली.

आणखी एक ऐका. माँटेसरीची फी आपल्या बापाच्या महिन्याच्या मजुरीत मावत नाही. पण माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह 1907 साली उघडलं ते रोममधल्या सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत. आईबाप कामाला गेलेल्या, जिन्यांवर मोकाट फिरणाऱ्या पोरांसाठी. म्हणजे हे शास्त्र आपल्यासारख्यांच्या पोरांवर उभं राहिलं, आणि वाढल्यावर फ्लॅटवाल्यांकडं राहायला गेलं. ते परत आणायचं.

आता कायदा. जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढं मागितलं, निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, आणि मास्तर असा द्या की ज्याला नांगर धरायची लाज वाटणार नाही. त्या मागणीनंतर सव्वाशे वर्षांनी, 2009 ला, कायदा आला. वय 6 ते 14. दोन्ही टोकं कापलेली. सहाच्या आत हक्क नाही, सरकारनं प्रयत्न करावा एवढंच. चौदानंतर हक्क संपला, आणि 2016 च्या दुरुस्तीनुसार धोक्याची कामं सोडून बाकी मजुरीला मोकळीक. 2020 च्या धोरणानं टप्पे पाडले : 3 ते 8, 8 ते 11, 11 ते 14, 14 ते 18. टप्पे बरोबर आहेत. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे, आणि आपल्या भिंतीवरच्या कागदात तर टप्पेही नाहीत.

म्हणून माझी मांडणी अशी.

तीन ते सहा : यांना संध्याकाळी सातला बोलवू नका, ती झोपेला आलेली असतात. सकाळी बोलवा. गोष्टी, गाणी, माती, बाटल्यांची झाकणं. घरच्या बोलीत. बोलून-ऐकून शब्द साठले की पुढं वाचलेलं कळतं. मातीत बोटं बळकट झाली की पेन्सिल धरता येते. गिरवणं बंद.

सहा ते आठ : वाचन. पण आपल्या शब्दांपासून. स्वतःचं नाव, गल्लीचं नाव, दुकानाची पाटी. रोज प्रत्येक पोराकडून एक ओळ, जवळ बसवून.

आठ ते अकरा : इथं पोर वाचून शिकायला लागतं. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला इयत्तेप्रमाणं नाही, तो जिथं अडकलाय तिथून धरा, चारचौघांत लाज न काढता. रेशनचा हिशेब, भाड्याचा हिशेब. या वयात पोरांना नियम करायला आवडतात. वर्गाचे नियम त्यांनाच करू द्या.

अकरा ते चौदा : अंग बदलतं, डोकं ‘का’ विचारतं. संडासाला कडी आणि पाणी नसेल तर मोठ्या पोरी येणार नाहीत, मग पाढ्यांचं कौतुक कुणाला सांगता? पाळीबद्दल वस्तीतल्या बायांनी सरळ बोलावं. आणि ‘का’ला उत्तर द्या. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे चौदाएक वर्षांची होती. 1855 साली तिनं मांगमहारांच्या दुःखाचा निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिला नुसतं शुद्धलेखन घालत बसले असते, तर तो निबंध झाला असता काय?

चौदा ते अठरा : संध्याकाळचे सात ते नऊ यांचे. यातली निम्मी कामाला जाणार. त्यांना दहावी पाहिजे, पगाराची चिठ्ठी वाचता आली पाहिजे, अर्ज लिहिता आला पाहिजे. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 ला कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. ती आपली वाट आहे.

आता कबुली. मागच्या वर्षीच्या वर्गात एका सहा वर्षांच्या पोराला कानफटीत बसली. त्याच्या हातातून पेन्सिल सारखी निसटत होती. मारणारा मी होतो. मारायला कायद्यानं बंदी आहे, हे मला माहीत होतं. तरी हात उठला, कारण मला शिकवलं गेलं ते तसंच. ते पोर परत आलं नाही. त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्याच्या आईलाच ओशाळल्यासारखं झालं, ‘मारलं तर काय झालं’ म्हणाली. त्या वाक्यानं मला जास्त लागलं.

तेव्हा तो कागद आज काढा. पाच वेगळे कागद लावा. आणि त्याआधी कोपऱ्यात दोन पाळणे बांधा, म्हणजे एकही पोरगी कडेवरच्या पोरापायी दाराबाहेर बसणार नाही. सकाळी लहानांजवळ बसायला माझी बहीण तयार आहे. तिला पगार द्यायचा. वर्गणीतून पहिला पैसा तिचा, फळ्याचा नाही. बाईला सेवेच्या नावाखाली फुकट राबवायचं असेल, तर दुसऱ्यांच्या व्यवस्थेला शिव्या द्यायचा आपल्याला हक्क नाही.

पाळण्याचा दोर मी आणतो. किती वजन पेलतो ते बघून आणतो.

जय भीम.