मिरजेचे वानलेस : एका मिशनरी डॉक्टरचा संसार



मुंबईतल्या चारकोपच्या सेक्टरांमध्ये सांगली-कोल्हापूरकडची घरं काही कमी नाहीत. त्यांतल्या एखाद्या आजीला विचारा, दुखणं गावच्या डॉक्टरच्या हाताबाहेर गेलं की तुम्ही काय करत होता? 'मिरजेला न्यायचो' एवढंच उत्तर येईल. मिरजेला म्हणजे कुठे, हे त्या भागात कुणी विचारत नसे. मिशन हॉस्पिटलात! ते ज्यांनी उभं केलं त्या डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

वानलेस जन्माने कॅनडाचे, १८६५ सालचे. डॉक्टरकी न्यूयॉर्कला झाली. १८८९ साली पदवी हातात पडली आणि त्याच वर्षी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांना पत्नी मेरी यांच्यासह इकडे पाठवलं. वय चोवीस. सुरुवात सांगलीत एका छोट्या दवाखान्याने झाली. १८९२ मध्ये त्यांनी मुक्काम मिरजेला हलवला आणि १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू झालं.

मिरजच का? माझ्या मते निम्मं उत्तर रेल्वेत आहे. पुण्याहून बेळगावकडे जाणारा मार्ग मिरजेवरून गेलेला होताच; १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा सुरू झाला आणि मिरज जंक्शन झालं. पंचक्रोशीतल्या माणसाला बैलगाडी होती, पण लांबच्या आजाऱ्याला गाडीत आडवं घालून आणता येऊ लागलं. जंक्शन नसतं तर हे हॉस्पिटल एका तालुक्यापुरतंच राहिलं असतं.

या हॉस्पिटलचं नाव झालं ते शस्त्रक्रियांमुळे, आणि त्यातही डोळ्यांच्या. त्या काळी मोतीबिंदूवर इलाज करणारे लोक गावोगाव हिंडत. डोळ्यात सुई घालून पिकलेलं भिंग ते मागे, तळाशी ढकलून देत. म्हाताऱ्याला लगेच समोरची बोटं मोजता येत, घरचे खूश होऊन पैसे देत आणि हा गडी पुढच्या गावाला लागे. मग कित्येकांचा डोळा सुजे, पू होई, आणि थोडी दिसणारी नजरही कायमची जाई. तोवर इलाज करणारा वेशीबाहेर! दवाखान्यातली रीत वेगळी होती. डोळ्यात कोकेनचे थेंब घालून तो बधिर करायचा, बुबुळाच्या कडेने अर्धगोल चीर घ्यायची आणि भिंग बाहेरच काढायचं. या चिरेला टाके घालण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. त्यामुळे खरी परीक्षा पुढे असे. दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून कित्येक दिवस उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, कूस बदलायची नाही. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाला चिरेपेक्षा ही सक्तीची विश्रांतीच जड जात असेल. पट्टी सुटली की सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा.

आता एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. वानलेस धर्मप्रसारासाठी आले होते, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. बहुतेक पेशंट मात्र औषध घेऊन, बरे होऊन, आपापल्या देवाला नवस फेडायला घरी गेले. नवस देवाचा आणि टाके डॉक्टरचे, यात आपल्या माणसाला कधी अडचण वाटली नाही.

संसाराचं काय? मेरीबाई १९०६ साली वारल्या. कोल्हापूरचं मेरी वानलेस हॉस्पिटल त्यांच्या नावाने आहे. त्याच कोल्हापुरात, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागासाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. फिलाडेल्फियाची पदवी घेऊन त्या १८८६ मध्ये परतल्या, पण रुजू होण्याआधीच १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पोकीप्सीला, तिथे त्यांना आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. इकडची डॉक्टरीण तिकडच्या एका घराने आपली मानली आणि तिकडच्या डॉक्टरची बायको कोल्हापूरने. वानलेस यांनी १९०७ मध्ये लिलियन हेवन्स यांच्याशी दुसरा विवाह केला. कुष्ठरोग्यांसाठी आश्रम, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम ही कामंही उभी राहिली. मिरज-सांगलीच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. १९२८ मध्ये ते निवृत्त झाले, त्याच वर्षी 'सर' झाले आणि १९३३ साली कॅलिफोर्नियात वारले.

मला स्वतःला या सगळ्यात मोठी वाटते ती १८९७ ची गोष्ट. रुग्णालय उघडून तीनच वर्षं झाली होती. हात बसलेला, पेशंटांची रीघ लागलेली. अशा वेळी बहुतेक सर्जन आणखी ऑपरेशनं करत बसतात. वानलेस यांनी वैद्यकीय शाळा काढली. मिशनने चालवलेल्या हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या वैद्यकीय शाळांपैकी ती एक. ती मुख्यतः ख्रिस्ती तरुणांसाठी होती, ही तिची मर्यादा. पण इथे शिकलेली मुलं ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत गेली आणि जिथे डॉक्टर हा शब्द फक्त ऐकिवात होता तिथे कामाला लागली. खुद्द मिरजेतही गुरू गेल्यावर काम थांबलं नाही, कारण डॉ. चार्ल्स व्हेल यांच्यासारखे सहकारी आधीच तयार होते. पुढे १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघालं, तेव्हा विद्यार्थ्यांना पेशंट तपासायला शिकवायचं कुठे, हा प्रश्न फार वेळ राहिला नाही. मिशन हॉस्पिटलचे वॉर्ड भरलेलेच होते.