लपलेले मुद्रणदोष

छापखान्यातील सर्वच चुका सारख्या घातक नसतात. उलटा बसलेला खिळा किंवा तुटलेली वेलांटी वाचकालाही तत्काळ खटकते आणि तो ती मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. खरा धोका असतो शुद्ध शब्दाचे सोंग घेऊन ओळीत बसलेल्या चुकीपासून. ‘धन’च्या जागी ‘घन’ आले, ‘दीन’चा ‘दिन’ झाला, तर शब्द म्हणून त्यांत काहीच वावगे दिसत नाही. बिघडतो तो अर्थ. 1631 साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलात दहा आज्ञांपैकी एकीतला नकारच गळाला आणि व्यभिचार करावा अशी आज्ञा झाली! मुद्रकांना तीनशे पौंड दंड झाला.

सुरतेचा मुद्रणाशी संबंध जुना आहे. सतराव्या शतकात येथील व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला होता आणि 1674 मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक आलाही. पण त्याला देशी अक्षरांचे खिळे पाडता येईनात. पुढे मिशनऱ्यांनी ‘नव्या करारा’चे गुजराती भाषांतर येथेच छापले. तथापि लपलेल्या दोषांची खरी कसोटी लागते ती शब्दकोशात. सुरतेचे कवी नर्मद यांचा ‘नर्मकोश’ आधी भागाभागाने निघाला आणि 1873 मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाला. त्यात पंचवीस हजारांहून अधिक शब्द आहेत. त्या काळी गुजराती शुद्धलेखन स्थिर झालेले नव्हते. गुजरात विद्यापीठाचा ‘जोडणीकोश’ निघाला तो 1929 मध्ये. म्हणजे मुद्रिते ताडून पाहण्यास प्रमाण असे काही नव्हतेच. शिवाय खिळ्यांच्या छपाईत फर्मा छापून झाला की खिळे सोडून घरांत परत टाकतात. पुढल्या भागात लेखनाचा निराळा निर्णय घेतला, तरी मागची पाने हाती उरत नाहीत. कोशात तर ऱ्हस्वदीर्घाच्या एका चुकीने शब्दाची जागाच बदलते. वाचक शोधील तेथे तो सापडत नाही. छापलेला असून नसल्यासारखा होतो.

एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवावी, ही जुनी रीत उत्तम होय. गळालेले शब्द तिने सापडतात. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच. म्हणून दुसरे वाचन एकट्याने, अक्षर अक्षर पाहत, अर्थात न गुंतता करावे लागते. आकडे, मथळे आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक यांचे वाचन निराळेच. मजकुराच्या ओघात ते हमखास निसटतात. दुरुस्तीनंतरची तपासणी तर सर्वांत नाजूक. लायनोटाइपवर एक अक्षर बदलण्यासाठी सारी ओळ नव्याने ओतावी लागे. जुनी चूक जाई आणि त्याच ओळीत नवी येई. प्रसंगी चुकीची ओळ काढून भलत्याच जागी नवी बसवली जाई.

संगणकाने खिळे गेले, मुद्राराक्षस मात्र राहिला. शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द मान्य; लेखकाला समुद्र हवा होता की डोंगरांमधल्या खिंडी, हे त्याला कोठून कळावे? सुरतेत मराठी मजकूर जुळवताना आणखी एक अडचण संभवते. गुजरातीत ‘कवि’ ऱ्हस्व लिहितात. मराठीतही 1962 च्या नियमांपूर्वी तसेच लिहीत. गुजरातीला सरावलेल्या डोळ्याला तो शब्द मुळीच खुपत नाही. आता कोणी सहाशे पानांच्या ग्रंथात ‘कवि’च्या जागी सरसकट ‘कवी’ घालण्याची आज्ञा यंत्राला दिली, तर क्षणार्धात ‘कविता’ची ‘कवीता’ होते, ‘कविसंमेलन’ही बिघडते. पहिली चूक शंभर ठिकाणी सुधारते आणि दुसरी तितक्याच ठिकाणी शिरते. अशी आज्ञा दिल्यावर बदललेली प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहावी लागते, आणि पृष्ठे हलली असतील तर अनुक्रमणिका पुन्हा पहिल्या आकड्यापासून.